आडवं आलेलं कुत्रं

नारायण पेठ, पुणे ३०
दि. १२ सप्टेंबर २०२५

चि. पोपट यास,

चंपाताईचे आशीर्वाद. (रागात लिहिते आहे, पण आशीर्वाद खरे आहेत, ते घेऊन ठेव.) इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे तुझ्या दाजींची साखर वाढली आहे, माझा रक्तदाब वाढला आहे आणि गल्लीत उभ्या असलेल्या मोटारीवरची धूळ वाढली आहे. तुझा गुडघा कसा आहे? विमलची कवळी नीट बसली का? पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. घरात दोन-दोन मोबाईल असताना पत्र लिहायची वेळ आली ती तुझ्यामुळे. वर्षभर मी फोन केला की विमल उचलते आणि 'ते मळ्यात गेलेत' म्हणते. सासवडचा तुझा मळा अर्ध्या एकराचा. तिथे जाऊन यायला वर्ष लागतं हे मला नवीन आहे. फोन कापता येतो. पत्र कापलं तरी विमल जोडून वाचून दाखवेल.

गेल्या भाऊबीजेला तू आला नाहीस. पाट मांडला होता, निरांजन दोनदा लावलं, आणि संध्याकाळी दाजी म्हणाले की आता झाकून ठेव. त्याबद्दल शेवटी बोलेन, कारण आत्ता बोलले तर अक्षर बिघडेल. आधी गाडीचं ऐक.

अर्णव फेब्रुवारीत जर्मनीला गेला आणि जाताना आपली निळी गाडी माझ्या गळ्यात बांधून गेला. 'आई, तेवढी विकून टाक,' असं म्हणाला, जणू रद्दी आहे. गाडी म्हणजे तीच, टर्बोवाली, जी गेल्या दसऱ्याला तुझ्या हातून कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला भेटली. (टर्बो म्हणजे काय हे मला आता तोंडपाठ आहे. पाय ठेवला की गाडी आधी क्षणभर विचार करते आणि मग एकदम निर्णय घेते. आपल्या बाबांचा स्वभाव आठव.) तो दिवस मी विसरलेले नाही. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, अर्णव म्हणाला की पहिली फेरी मामानेच मारायची. तू तुझा एसटीचा बिल्ला, 'विनाअपघात सेवा, पंचवीस वर्षे', जो तू दर खंडेनवमीला पूजेत मांडतोस, तो पुढच्या काचेपाशी ठेवलास. मी शेजारी, मांडीवर आपट्याच्या पानांचं ताट. दाजी मागे. लिंबं चिरडल्याचा आवाज आला आणि दुसऱ्या आवाजाला आपण खांबावर होतो. पांढऱ्या पिशव्या फुगल्या, गाडीभर सोनं उधळलं, आणि माझ्या चष्म्याखेरीज कोणाला काही झालं नाही. तू उतरलास, खांबाकडे बघितलंस, 'कुत्रं आडवं आलं' एवढं बोललास आणि पानावर न बसता एसटीने (प्रवासी म्हणून) सासवडला निघून गेलास.

आता मी तेहतीस वर्षं विमा कंपनीच्या मोटार विभागात काढली हे तुला ठाऊक आहे. झाडावर चढलेली, ओढ्यात उतरलेली, हॉटेलात शिरलेली, कुठलीही गाडी असो, फॉर्मवर कारण एकच: कुत्रं आडवं आलं. त्या हिशेबाने पुणे जिल्ह्यात माणसांना राहायला जागाच उरली नसती. मी त्या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढत असे आणि माणसाला समोर बसवून विचारत असे की कुत्र्याचा रंग कोणता. शंभरातले नव्वद तिथेच गळत. आणि पोपट, त्याच हाताने मी तुझ्यासाठी फॉर्मवर कुत्रं लिहिलं. रंगही लिहिला, तांबडा. निवृत्तीनंतर केलेलं हे माझं पहिलं पाप, आणि ते करून घेणारा भाऊ भाऊबीजेलाही आला नाही.

विक्रीच्या वेळी मात्र ठरवलं की सगळं खरं सांगायचं. मोबाईलवर जाहिरात टाकली ती मी क्लेमच्या फायलीसारखी टाकली. काय तुटलं, काय बदललं, काय ठोकून सरळ केलं, काय रंगवलं, सगळं अनुक्रमे. आणि आमच्या खात्याच्या शिस्तीप्रमाणे पहिला फोटो नुकसानीचा. (दुरुस्त गाडीचा फोटो नववा.) दोन दिवसांत सहा फोन आले, सहाही भंगारवाल्यांचे. सातवा आला तो आपल्याच पेठेतल्या एका गृहस्थांचा. त्यांनी रोज सकाळी येऊन गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, ॲव्हरेज विचारलं, मी नऊ सांगितलं की हसले आणि मंडईत भाजीला गेले. आठ दिवस. नवव्या दिवशी मी त्यांना माझ्यासाठी कोथिंबीर आणायला सांगितली, तेव्हापासून दिसले नाहीत.

मग खराडीहून तेजस नावाचा संगणकवाला आला, तीन मित्र घेऊन. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं. ते त्याने बॉनेटला लावलं आणि खून उघडकीला आणल्यासारखा माझ्याकडे वळून म्हणाला, "आँटी, बॉनेट रिपेंट आहे." मी म्हटलं, जाहिरातीत दुसऱ्या ओळीत आहे. मग दिवा. मी म्हटलं, तिसऱ्या ओळीत. मग रेडिएटर, एअरबॅग, मडगार्ड. त्याने काहीही शोधावं आणि ते मी आधीच लिहून ठेवलेलं असावं, यात बिचाऱ्याचा उत्साह पार मावळला. शेवटी चौघे बाजूला जाऊन कुजबुजले आणि तो परत येऊन म्हणाला, "आँटी, नो ऑफेन्स, पण तुम्ही एवढं सगळं ओपनली सांगताय, म्हणजे अजून काहीतरी मोठं असणार." मला इतका संताप आला की मी त्यांना केलेला चहा परत आत नेला. खोटं बोललं तर फसवलं, आणि खरं बोललं तर त्याहून मोठं फसवलं. हे शहर असं कधी झालं ते मला कोणी सांगितलं नाही.

मग दाजींनी (वर्षातून एकदा बोलतात, तेही असं) दलालाकडे देऊ या म्हटलं. हा दिग्विजय, गळ्यात साखळी, तोंडात 'काकू निर्धास्त राहा'. गाडी चार दिवस त्याच्या आवारात ठेवली. पाचव्या दिवशी बघायला गेले तर मागच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत, हातभर लांब: 'सिंगल ओनर. विनाअपघात.' मी वाचलं, पुन्हा वाचलं. विचारलं की हे काय आहे. तो म्हणाला, "काकू, दुरुस्त झाली की अपघात संपला. सगळेच लिहितात." पोपट, मी आयुष्यात इतकी भांडले नाही. मी त्याला म्हटलं की हा शब्द कमवायला माझ्या भावाला पंचवीस वर्षं लागली. दिवे घाटात, वरंध घाटात, धुक्यात, खचलेल्या रस्त्यावरून साठ-साठ माणसं मागे बसवून. त्याने तो कधी कोणाकडे मागितला नाही आणि तू चार रुपयांच्या कागदातून कापून काचेवर डकवतोस? तो म्हणाला की मग तुमच्या भावालाच विकायला सांगा. मी रिक्षाने घरी आले, उलथणं घेतलं, परत गेले आणि ती अक्षरं खरवडून काढली. काचेवर चरे पडले. गाडी परत गल्लीत आणवली आणि ते चरे जाहिरातीत वाढवले.

शेवटी गेल्या रविवारी अक्षता आली. वर्ध्याची पोर, खराडीला नोकरीला, एकटीच आली, यंत्रबिंत्र काही नाही. जाहिरातीचा कागद छापून आणलेला, त्यावर खुणा केलेल्या. म्हणाली, "काकू, तुम्ही सगळं खरं सांगून राहिल्या म्हणून मी आली." मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण मी तिला पोहे दिले. गाडीखाली वाकून तिने सगळं बघितलं आणि मग एकच गोष्ट विचारली: गाडी ठोकली तेव्हा कोण चालवत होतं, आणि कशी ठोकली? आणि मी, सगळं खरं सांगून राहिलेली मी, तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं की माझा भाऊ होता, कुत्रं आडवं आलं. तिने कागदावर लिहून घेतलं. मी उगाच तिच्या पोह्यांवर आणखी खोबरं घातलं.

मग नदीपात्राच्या रस्त्यावर गाडी चालवून बघायला गेलो. मी शेजारी बसले, दसऱ्यानंतर पहिल्यांदा. पोरगी शांतपणे चालवत होती. मग म्हणाली की काकू, घट्ट बसा, आणि गिअरच्या दांड्याशेजारचं एक बटण दाबलं. समोरची घड्याळं पांढऱ्याची लालभडक झाली, आणि तिने पाय ठेवला न ठेवला तोच गाडी अंगात आल्यासारखी सुटली. मी ओरडले. वेगाला नाही ओरडले, रंगाला ओरडले. कारण पोपट, तो लाल रंग मी पाहिला होता. दसऱ्याला तू चावी फिरवलीस तेव्हा घड्याळं लालच होती, आणि मला वाटलं होतं की सणाची रोषणाई असेल. अक्षताने गाडी कडेला घेतली आणि समजावून सांगितलं की त्या बटणाला 'स्पोर्ट' म्हणतात, ते चालू असलं तर नवख्या माणसाने पाय नुसता टेकवला तरी गाडी उडी घेते, आणि हे आधी सांगितलं नसेल तर कोणीही खांबावर जाईल, मग त्याने एसटी चालवलेली असो की विमान.

घरी येऊन मी जर्मनीला फोन लावला. विचारलं, बटण कोणी दाबलं होतं? आधी तिकडच्या हवेचं सांगू लागला. मग म्हणाला, "आई, मामाला जरा पिकअप दाखवायचा होता." गंमत! वर्षभर तोंड का शिवलं होतंस विचारलं, तर म्हणाला की सांगणारच होतो, पण मामाच म्हणाला कुत्रं आडवं आलं, मग मी काय बोलणार. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पत्र पोस्टातून जायचं आहे.

पण त्याच्यापेक्षा जास्त राग तुझा आला आहे. 'गाडी माझ्या पायाखालून सुटली, का ते कळलं नाही,' एवढं खरं तू त्या दिवशी बोलला असतास तर पोराने तिथेच कान पकडले असते. तू कुत्रं आणलंस आणि खरा गुन्हेगार त्या कुत्र्यामागे लपला. आणि तू? विमलने मला सगळं सांगितलं आहे. तू वर्षभर स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस. ट्रॅक्टर शेजारचा चालवतो. बाजाराला दुसऱ्याच्या मागे बसून जातोस. पाय म्हातारे झाले असं मनाशी ठरवून बसला आहेस, आणि बहिणीला तोंड दाखवायचं नाही म्हणून मळ्यात लपतोस. बाबांनी तुझं नाव ठेवलं तेव्हा त्या शब्दाचा पुढे काय अर्थ होणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण माझ्या पोराने तो खरा करून दाखवला. मला फार वाईट वाटलं, पोपट. वाईट वाटलं की मी भांडते हे तुला माहीत आहे.

गाडी अक्षताने घेतली. तिला मी नवा कागद लिहून दिला आहे. त्यात शेवटी असं आहे: 'स्पोर्ट बटण चालू असल्याची चालकास कल्पना दिलेली नव्हती. चालकाची चूक: नाही. कुत्रं: नव्हतं.' तेहतीस वर्षांत 'चालकाची चूक: नाही' हे मी मोजून चार वेळा लिहिलं होतं. ही पाचवी. कंपनीलाही तसंच पत्र पाठवलं आहे, आता त्यांना माझं काय करायचं ते करू देत.

राग अजून बराच शिल्लक आहे, पण कागद संपत आला. विमलला आशीर्वाद.

तुझी ताई,
चंपा

ता. क. अक्षताचे आई-वडील दसऱ्याला वर्ध्याहून येत आहेत, तिला गाडी त्या दिवशी दारात हवी आहे. ती येऊन घेऊन जाणार होती. मी सांगितलं की आमच्याकडे गाडी पोचवून द्यायची पद्धत आहे. (अशी पद्धत नाही. नवा कागद दिल्यानंतरचं हे माझं एकमेव खोटं.) नारायण पेठ ते खराडी, सणाची गर्दी, मला ड्रायव्हर हवा आहे. मी तिला कबूल केलं आहे की विनाअपघात सेवेतला माणूस येईल.

ता. क. २. तुझा बिल्ला गॅरेजवाल्याला सीटखाली सापडला. एक कोपरा वाकला आहे, तो मी सरळ केलेला नाही. कुरिअरने पाठवणार नाही. खंडेनवमीला मी पूजेत मांडीन, दसऱ्याला सकाळी येऊन उचल. भाऊबीजेचं ताटही तेव्हाच, गेल्या वर्षीचं.

ता. क. ३. त्या बटणावर मी माझी मोठी टिकली चिकटवली आहे. खराडी येईपर्यंत ती काढायची नाही.

ता. क. ४. कुत्र्याला सासवडलाच बांधून ये.