चार वाजता विचारणारी ओळ

प्रिय सुमन,

तू असताना तुला कधी पत्र लिहिलं नाही. माहेरी हिंगणीला जायचीस, तिथूनही पत्र पोचायच्या आत परत यायचीस. आता परत यायची घाई तुला उरली नाही, म्हणून सवडीनं लिहितो. कारण मात्र आजचंच आहे. जिनिंगवाल्या शेठच्या मुलानं आज मला बोलावलं होतं, तुझी ओळ पुसायला.

कोणती ओळ म्हणून काय विचारतेस! जिनिंगमध्ये माझा वजनाचा प्रोग्राम बसला, त्या पहिल्या हंगामातली. कापसाच्या बैलबंड्या थेट रस्त्यापर्यंत लागलेल्या, आणि वजनकाट्यावर भाऊराव माझ्या प्रोग्राममध्ये वजनं टाकायचे. दुपार कलली की भरल्या बंडीच्या जागी रिकाम्या बंडीचं वजन! बंडीवाला ओरडायचा, "काऊन जी, माह्या कापसाले पंख फुटले का?"

मी घरी येऊन कपाळाला हात लावून बसलो. चुका पकडायला आणखी तपासण्या लिहायच्या ठरवल्या. तू मेथी निवडता निवडता म्हणालीस, "त्या माणसाले चार वाजता चहा भेटते का?"

"चहाचा काय संबंध?"

"तुमच्या मशीनले सांगा, आधी चहा विचार म्हणा. मंग वजन."

तुझी जिरवायची म्हणूनच मी ते लिहिलं. बोली तुझी, अक्षरं इंग्रजी. चार वाजले की पडद्यावर यायचं, "चहा झाला का?" 'हो' दाबलं तर काम पुढे. 'नाई' दाबलं तर, "मंग आधी पेऊन या. बाकीचं मागून पाहू." आणि तेवढा वेळ काटा बंद! भाऊराव पहिल्या दिवशी दचकले. दुसऱ्या दिवशी ऐटीत 'नाई' दाबून टपरीवर गेले. कापसाचे पंख गळाले. जिरली माझीच, आणि वर्ध्यात नाव झालं तेही माझंच!

मी मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा दाराशी चपला काढून, मांडीवर उसनं पुस्तक घेऊन शिकलो. शिकवणारं कोणी नव्हतं. पण मोडणारी घरात होती ना! नवा प्रोग्राम आधी तुझ्यासमोर. नाव विचारलं तिथं तू वय टाकायचीस, वय विचारलं तिथं "कायले पाह्यजे?" असं टाकायचीस. पडदा गोठला की टाळी वाजवून, "मोडला जी तुमचा!" माझं आजही मत आहे: जो प्रोग्राम बायकोच्या हातून वाचला, तो गिऱ्हाइकाच्या हातून मरत नाही.

आणि तो दसरा? झालरीचं कव्हर काढून तू कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलंस, अक्षता टाकल्यास. दुसऱ्या दिवशी एंटरचं बटन काही केल्या दबेना. खालून तांदळाचा दाणा निघाला. मी तणतणलो, तर तू म्हणालीस, "वाहिलेला आहे, फेकू नका." तो दाणा मी खिशात घेऊन फिरलो, माहीत आहे?

एका गोष्टीचा मात्र मला अजून राग आहे. तुझे डबे! चहापत्ती 'रवा' लिहिलेल्या डब्यात, साखर 'हळद'मध्ये, आणि 'साखर' लिहिलेल्या डब्यात मीठ. अगं, जन्मभर मी प्रोग्राम शिकायला येणाऱ्या पोरांना सांगत आलो, नावावरून आतलं कळलं पाहिजे. आणि माझ्याच घरात हा कारभार! जाताना सांगायचंस तरी. पहिल्याच सकाळी खारट चहा प्यालो. त्या दिवसापासून चहाच सोडला. पुण्याहून लेक फोनवर विचारते, "बाबा, चहा घेतला?" मी म्हणतो, "हो हो, कधीचाच."

तर आजचं. छोटे शेठ पोरगा चांगला आहे. म्हणाला, "काका, बाहेरचे व्यापारी येऊन राह्यले, अन् आपलं मशीन चहा विचारते. हसतात लोक. तेवढं काढून टाका ना."

भाऊराव खुर्चीतून म्हणाले, "काढा, काढा. मंग चार वाजता मले कोन विचारीन? तुम्ही?"

मी ओळ शोधायला बसलो. प्रोग्राम शेठचा, पैसे शेठचे. पण तुझं बोलणं जसंच्या तसं राहिलेली जागा जगात तेवढीच, हे त्या पोराला कसं सांगणार? ओळ सापडली. पुसण्याआधी एकदा चालवून पाहू म्हटलं. तेवढ्यात चार वाजले.

"चहा झाला का?"

बोट 'हो'वर ठेवलं. दबेना गं. या खेपेला खाली तांदूळही नव्हता. लेकीला फोनवर सांगणं वेगळं. तू समोरून विचारल्यावर खोटं कसं बोलू? 'नाई' दाबलं.

"मंग आधी पेऊन या. बाकीचं मागून पाहू."

काटा बंद! बाहेर ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवायला लागला. छोटे शेठ घाबरले, "काका, हे काय केलं?"

भाऊरावांनी खांद्यावर दुपट्टा टाकला. "आता काई इलाज नाई. वहिनीचा हुकूम आहे. चला."

गेलो टपरीवर. भोंगेवालाही आला मागोमाग. किती महिन्यांनी चहा प्यालो! आलं जास्त, साखर त्याहून जास्त, आणि तरी दुसरा मागितला. छोटे शेठ म्हणाले, "काकू अशाच बोलायच्या का?"

"हे तर काहीच नाई," भाऊराव म्हणाले. "यायच्या घरी गेलो त मले उभ्यानं पेऊ द्यायच्या नाईत. बसा म्हणे आधी."

परत येताना छोटे शेठ हळूच म्हणाले, "राहू द्या ते काका. फक्त व्यापारी आले तर मशीन त्यांनाही विचारेल असं करा." म्हणजे बघ, तुझी एक ओळ पुसायला गेलो आणि दुसरी वाढवून आलो!

आता माझा शब्द घे. उद्यापासून चहा घरी करीन. डब्यांवरची नावं बदलणार नाही; ती तुझी आहेत, मीच पाठ करीन. लेकीला खरं तेच सांगीन. आणि तू विचारलंस की न पिता 'हो' दाबणार नाही, कधीच नाही.

साखर 'हळद'मध्येच आहे ना? की जाता जाता तिथूनही हलवलीस?

तुझा,
तुझ्या तपासणीत अजूनही नापास,
मधुकर