गळालेली टिंबे

सोमवार, १ मार्च १९३७. सकाळी.
मराठी वृत्तपत्रसृष्टीचा ऱ्हास सुरू झाला आहे, याची नोंद कुठेतरी राहावी म्हणून लिहितो. आमच्या साप्ताहिकाने शब्दकोडे सुरू केले, आणि त्याची घरे मुंगीने संसार थाटावा एवढी! शाईही पाणचट. मी याच पत्राचा बातमीदार असलो म्हणून काय झाले? विषय म्हणे 'स्वयंपाकघर'. ज्याने काशीच्या शास्त्र्यांकडे व्याकरण केले, त्याने पळी-पातेले ओळखायचे. असो. दुपारच्या चहापर्यंत उडवतो.

सायंकाळी.
आडवे पहिले: 'ह्यावर गज चढतो, तरी हा चुलीवर चढतो. अक्षरे दोन.' गज चढतो तो नग, म्हणजे पर्वत. चुलीचे तीन धोंडे पर्वताचेच ना? 'नग' लिहिले. कोडे रचणारा बरा शिकलेला दिसतो. बाकीचे उद्या. चहा फार लवकर झाला.

मंगळवार, २ मार्च.
उभे पहिले: 'हा मद असेल तरच खीर चांगली होते.' मद हत्तीला. अक्षरे दोन, म्हणून 'इभ'. खीर नैवेद्याची असावी. हिला मोठ्याने वाचून दाखवले. म्हणाली, "स्वयंपाकघरात दोन हत्ती? मग मी उभी कुठं राहू?" हिला अक्षरओळख नाही, त्यामुळे श्लेष कळत नाही.

बुधवार, ३ मार्च.
वांगी चिरताना ही एकदम म्हणाली, "अहो, गज नाही, गंज असेल. गंज चढतो तो तवा. आणि मद नव्हे, मंद. खिरीला जाळ मंद लागतो." अंक खिडकीशी नेला. टिंब नाही. ओट्यावर उन्हात नेला. नाही! म्हणजे छापखान्यात टिंबे गळतात. मी गेले वर्षभर म्हणतोच आहे की अंक दिवसेंदिवस पुसट होत चालला आहे. ही म्हणते, चाळिशी लावा. माझी चाळिशी उलटून सात वर्षे झाली, आता कसली चाळिशी!
संपादकांना खरमरीत पत्र धाडले: पुढच्या अंकात दिलगिरी छापा, नाहीतर माझी बातमीदारकी संपली. बातमीदारकीशिवाय मला दुसरे काही येत नाही, हे पत्रात लिहिले नाही.

गुरुवार, ४ मार्च.
उत्तर नाही. घाबरले आहेत.
दुपारी ही कुंकू न लावताच समोर आली. म्हटले, मी अजून जिवंत आहे. माझ्याकडे बघत राहिली. आत आरशाशी जाऊन आली ती तशीच, कपाळ रिकामे. या घरातही टिंबे गळू लागली. वाद घातला नाही.

शनिवार, ६ मार्च.
संपादकांचा निरोप: गळालेले एक टिंब दाखवा, पहिल्या पानावर माफी छापतो. छत्री घेऊन रविवार कारंज्यावरच्या छापखान्यात गेलो. खिळे जुळवणारा रहेमानभाई तापलेलाच होता. "पंडितजी, आमच्या उर्दूत एका नुक्त्यानं मजकूर उलटतो. अन मी टिंब खाईन होय?" कोड्याच्या जुळवलेल्या खिळ्यांची चौकट अजून मोडली नव्हती. त्याने माझे बोट धरून 'गंज'च्या खिळ्यावर ठेवले. काहीतरी टोचले. म्हटले, खिळ्यात असेल, कागदावर उतरले नाही. त्याने छापील अंक पुढे केला. मी म्हटले, हेच ते, कोरे! त्याने अंक बाजूला ठेवला. मग हळूच तीन की चार बोटे वर करून विचारले, "हे किती?" असले पोरखेळ मी खेळत नाही. ताडकन निघून आलो. छत्री तिथेच राहिली. मंगळवारी पुण्याच्या पत्रांतून या छापखान्याचे वाभाडे काढतो.

रविवार, ७ मार्च.
रहेमानभाई छत्री घेऊन आला. ओट्यावर बसला, चहा घेतला, कोड्याचा विषय काढला नाही. जाताना म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, बातम्या पाठवत राहा. तुमच्या मजकुरात टिंबं आम्ही घालतोच आहोत वर्षभर."
वर्षभर.
पुण्याला काही लिहिले नाही. तो गेल्यावर हिला विचारले, गुरुवारी कुंकू होते का? चुलीकडे तोंड करून म्हणाली, "होतं की." नंतर कितीतरी वेळ फुंकणी फुंकत बसली. जाळ चांगला पेटलेला होता.
अण्णांचे, माझ्या वडिलांचे, असेच सुरू झाले होते. आधी ते दिव्याला नावे ठेवीत, मग वातीला, मग तेलाला. शेवटी पोथी मी वाचून दाखवायचो आणि ते माझे उच्चार सुधारायचे. मला वाचून दाखवील असे घरात कोणी नाही. मला भीती वाटते.