पंखांना हात लावायचा नाही

मंगळवार, ४ मार्च

वहिनीचा फोन. दादा म्हणे हल्ली फोनवर येतच नाही! "भाऊजी, तुम्ही केलेलं ते एकावर एक पंखांचं विमानाचं मॉडेल आहे ना, ते हवंय त्यांना. द्या ना कुरियरने पाठवून."

कुरियरने! चपलांचा जोड आहे का तो?

आणि हवंय कुणाला, तर ज्याने जन्मभर नाक मुरडलं त्याला. दादा माझ्या खोलीच्या दारात उभा राहून एवढंच विचारायचा — "काय, झाली का खेळणी?" आत येऊन एकदा बघितलं असेल तर शपथ.

बुधवार, ५ मार्च

मीच घेऊन जाणार. त्याच्या नाकासमोर ठेवतो. बघू दे एकदा डोळे उघडून!

शुक्रवार, ७ मार्च

खोकी विकणारा म्हणतो, "साहेब, बबल रॅपमध्ये गुंडाळा, काही होत नाही." धन्य! त्या बुडबुड्यांचे वळ रंगावर उमटतात, पंखांमधल्या तारा चेपतात. कापूस तर त्याहून वाईट. तारांत अडकतो, सोडवायला जावं तर तारच हातात येते. मुळात विमान गुंडाळायचंच नसतं. पोटाखाली फोम, चाकं खोक्याच्या तळाला फितीने बांधलेली आणि पंख मोकळे. पंखांना कशाचाही स्पर्श नको. पण सांगतो कुणाला!

बायको दारातून — "माझ्या माहेरच्या कपबश्या एका वर्तमानपत्रात आल्या होत्या." निम्म्या फुटल्या होत्या, ते नाही आठवत.

रविवार, ९ मार्च

पुन्हा वहिनी. "एखादा तुकडा पडला तरी चालेल हो. तुम्ही लवकर या, मग बोलू."

तुकडा पडला तरी चालेल! अक्कल वाटत होते तेव्हा ही नवरा-बायको कुठे गेली होती कोण जाणे. एकेक तार ताणताना माझी मान धरली होती, आणि ही म्हणते चालेल.

मंगळवार, ११ मार्च

निघालो. खोकं मागच्या सीटवर, पट्टा लावून. मागचे लोक हॉर्न मारून मारून थकले. एकाने काच खाली करून माझा उद्धार केला. करा! बायको म्हणाली, "माझ्या बाळंतपणालासुद्धा इतकी जपून चालवली नव्हतीत." खरं आहे. पण ती कुठे तारांनी बांधलेली होती?

मुक्कामाच्या लॉजवर तिथल्या माणसाने खोकं उभं करून ठेवलं. उभं! "जागा कमी लागते साहेब." त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. लगेच उघडून पाहिलं. एकही तार हललेली नाही. वा रे मी!

उद्या दादाच्या तोंडून "वा" निघालं नाही तर बापाचं नाव लावणार नाही.

बुधवार, १२ मार्च

पोचलो. विमान शाबूत. दादासमोर टेबलावर ठेवलं. तो भिंतीकडे तोंड करून हसला. "आणलंस? कुठे ठेवलंस रे?"

वहिनी हळूच म्हणाली, "नजर पार गेली. कुणाला सांगू देत नव्हते."

मी त्याचे दोन्ही हात धरले आणि पंखांवर ठेवले. बोटं चाचपत तारांत शिरली. तटकन आवाज झाला.

"मोडलं का रे काही?"

"नाही रे दादा. बघ तू सावकाश."