दोन नावांची एकच मुलगी

हॅरो, लंडन, १४ ऑक्टोबर २००६

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. आम्ही दोघंही मजेत आहोत. थंडी सुरू झाली आहे, पण घरात हीटिंग चांगलं आहे. आईला म्हणावं, स्वेटर विणत बसू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

कॅनडाला स्थायिक व्हायची कागदपत्रं जवळजवळ झाली. एकच घोळ आहे. माझी बी.फार्म.ची डिग्री आणि हॉस्पिटलचा अनुभवाचा दाखला शलाका देवपुजारीच्या नावाने आहे, आणि पासपोर्टवर मी वैभवी. लग्नात अजयने तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, पण ते सरकारी गॅझेटमध्ये छापून घ्यायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आता इथल्या वकीलबाई विचारतात, ही शलाका कोण?

अजय म्हणतो, "सोड ना, माझ्या एकट्याच्या डिग्रीवर होऊन जाईल." होईलही. पण मग तिकडे जाऊन पुन्हा मी घरीच बसायचं का? इथे बसले तेवढं पुरे झालं. काल उगाच स्टेशनपर्यंत चालत गेले, ट्रेन जाताना पाहिली आणि परत आले.

तेव्हा बाबा, कोर्टात जाऊन एक प्रतिज्ञापत्र करून द्याल? "शलाका आणि वैभवी एकच, आणि ती माझी मुलगी," एवढंच लिहायचं. सकाळीच जा, तिकडे अजून ऊन असेल. रांगेत उभं राहू नका, तुम्हाला चक्कर येते.

खाली सही जुन्याच नावाने करते आहे. तुम्हाला तरी पुरावा लागणार नाही.

तुमची
शलाका