मेढा स्टेशनची मास्तरीण

मामंजी,

गेल्या आठवड्यात भाच्यानं मला पुण्याला छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन दाखवायला नेलं. केवढं थोरलं मेज, त्यावर डोंगर, पूल, बोगदे, विजेचे दिवे, आणि गाड्या अशा पळत होत्या की बघत राहावं. त्या सगळ्या एकच गृहस्थ बटणं दाबून चालवत होता. मी विचारलं, "पलीकडच्या स्टेशनात कोण असतं?" तो हसून म्हणाला, "आजी, पलीकडे कुणी लागत नाही. सगळं इथूनच होतं." मी मान डोलावली, पण मला ते काही पटलं नाही. तेव्हापासून डोक्यात आपल्या घरातली गाडी फिरते आहे. म्हणून आज वही घेऊन बसले. वहीतलं हे पान मी फाडणार नाही की कुणाला दाखवणार नाही. पण तुमच्याशी बोलल्याशिवाय आता चैन पडायचं नाही.

लढाईच्या दिवसांत मी तुमच्या सांगलीच्या घरात सून म्हणून आले. लग्नानंतर वीस दिवसांत तुमचे चिरंजीव पलटणीत परत गेले आणि घरात तिघंच उरलो. तुम्ही, सासूबाई आणि मी. तुम्ही स्टेशनमास्तर म्हणून रिटायर होऊन वर्ष झालं होतं. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. तुम्ही चार हातांवर बसलेले असायचे आणि मी भिंतीकडे बघून सासूबाईंना सांगायची, "पान वाढलंय म्हणावं." तुम्हीही त्यांनाच सांगायचे, "आलोच म्हणावं." मधल्या मधे सासूबाई वैतागायच्या. "मी काय तारमास्तर हाय व्हय तुमची?" म्हणायच्या. सहा महिन्यांत तुमचा एक शब्द थेट माझ्याकडे आला नाही. मला तुमची भीतीच वाटायची.

पण तुमचे हात मी चोरून बघायची. दुपारी सोप्यात चटई टाकून तुम्ही गाडी करत बसायचे. लढाईमुळं बाजारात काही मिळत नव्हतं, तरी तुमचं कधी अडलं नाही. कापडाच्या गठ्ठ्यांना बांधून येणाऱ्या लोखंडी पट्ट्या सरळ करून तुम्ही रूळ केले. बांबूच्या कामट्यांचे स्लीपर. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातली कमान काढून ती इंजिनाच्या पोटात बसवली आणि वरचा बॉयलर दुधाच्या पावडरीच्या डब्याचा. मिरजेचे तुमचे दोस्त, सतारी-तंबोरे करणारे, यायचे तेव्हा तुटक्या तारांची गुंडाळी घेऊन यायचे. त्या तारांवर आपले सिग्नल खालीवर व्हायचे. एकदा त्यांनी तडा गेलेला तंबोऱ्याचा भोपळा आणला. "मास्तर, ये तो गाने से गया," म्हणाले. तुम्ही तो आडवा कापून डोंगराला बसवलात आणि घाटातला बोगदा तयार झाला. त्यातून गाडी गेली की असा गोड आवाज घुमायचा की सासूबाईसुद्धा हातातलं काम थांबवून ऐकायच्या.

सोप्यातल्या भिंतीला फळी ठोकून तुम्ही लाइन टाकलीत. फळी संपली तरी तुमची हौस संपेना. मग भिंतीला भोक पाडून लाइन स्वयंपाकघरात आणलीत. दुसरं स्टेशन हवंच, असं तुमचं म्हणणं. एका जागेवरून गाडी सोडून तिथंच घेणं याला तुम्ही रेल्वे मानत नव्हता. एके दिवशी चुलीजवळच्या कोनाड्याशी मला पाटी दिसली. पिवळी, वर काळ्या अक्षरांत 'मेढा'. माझं माहेर! जावळीच्या डोंगरातलं ते गाव, तिथं रेल्वे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. मी पदर तोंडाला लावून रडले. सासूबाई म्हणाल्या, "आवं, सून आणलीया का हमाल? आता हिनं भाकरी थापायची का गाडी घ्यायची?" तुम्ही सोप्यातून म्हणालात, "दोन्ही करंल म्हणावं."

दोन स्टेशनांत सायकलच्या घंट्या बसवल्या होत्या, दोरी ओढली की पलीकडची वाजायची. दोन ठोके म्हणजे, गाडी सोडू का, लाइन क्लिअर आहे का? उत्तराला दोन ठोके म्हणजे आहे, सोडा. सहा ठोके म्हणजे नाही, थांबा. दोन स्टेशनांमधला तुकडा म्हणजे सेक्शन, आणि सेक्शनात एका वेळी एकच गाडी. हे सगळं तुम्ही पाटीवर लिहून सासूबाईंच्या हाती आत धाडलंत. मग रोज दुपारी जेवणं झाली की तुमची मेल यायची, माझी मालगाडी जायची. मालगाडीतून तुम्हाला सुपारी आणि लवंग पाठवायची. तोंडानं बोलत नव्हतो तरी आपलं दिवसातून वीस वेळा बोलणं व्हायचं. त्या घरात मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते तिथं, कोनाड्यापाशी.

आणि मग ती दुपार. मालगाडी भोकाच्या तोंडाशी लाइनीवरच उभी होती, मी डब्यात लवंगा भरत होते. तुमचे दोन ठोके आले. लाइन मोकळी नव्हती हे मला समोर दिसत होतं. सहा ठोके द्यायला हवे होते. पण मामंजींना 'नाही' कसं म्हणायचं? हात धजेना. मी दोन ठोके दिले आणि घाईनं डबे ओढायला गेले, तोवर इंजिन भोकातून आलं, डब्यांवर आदळलं आणि फळीवरून शहाबादी फरशीवर पडलं. घड्याळाची कमान सुटून चुलीपर्यंत गेली. आठ महिन्यांचं काम.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. एरवी मी आत असताना तुम्ही तिथं कधी येत नसा.

"सूनबाई, लाइन मोकळी हुती?"

मी मान हलवली.

"मग दिली कशापायी?"

तुमच्याशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. "तुम्ही मागितली म्हणून."

तुम्ही इंजिनाकडे बघितलंही नाहीत. आवाजही चढला नव्हता. "मी मागणारच. मागणं माझं काम हाय. न्हाई म्हणणं तुमचं. खऱ्या गाडीत माणसं असती म्हंजे? त्यांच्या घरच्यांना काय सांगणार, सासरा हुता म्हणून दिली? ध्यानात ठेवा, स्टेशनमास्तराला सासरा नसतो."

सासूबाई आ वासून बघत होत्या. रीत मोडली होती आणि ती तुम्हीच मोडली होती. मला असा राग आणि असा मान एकाच वेळी कुणी दिला नव्हता, आईबापांनीसुद्धा नाही.

इंजिन दुरुस्त व्हायला तीन महिने गेले. त्यानंतर तुमचा खोडसाळपणा सुरू झाला. माझी गाडी सेक्शनात आहे हे पक्कं ठाऊक असताना तुम्ही दोन ठोके द्यायचे. मी सहा द्यायची. तुम्ही पुन्हा दोन, मी पुन्हा सहा. मग सोप्यातून तुमचं खो खो हसणं ऐकू यायचं. 'नाही' म्हटल्यावर हसणारा वडीलधारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही फार थोडे पाहिले.

लढाई संपली. मी लग्नाआधी सातवी पास झाले होते, ते तुम्ही लक्षात ठेवलं होतंत. साताऱ्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगचा अर्ज तुम्हीच आणलात, तुम्हीच भरलात. जागा मिळाली, आणि त्याच आठवड्यात चिरंजीवांचं पत्र आलं. दिवाळीपर्यंत सुटून येतो, हिला कुठं पाठवू नका. तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत. सासूबाई म्हणाल्या, "झालं तर मग. सुटला प्रश्न." तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. तुम्हीही थकला होता. मुलगा येणार, घर भरणार, हे तुम्हालाही हवंच होतं.

"सूनबाई, आता ऱ्हाताय न्हवं घरी?"

ही परीक्षा होती की विनंती, मला आजही कळलेलं नाही.  सगळं शिक्षण त्या एका उत्तरावर होतं. मी म्हणाले, "नाही, मामंजी. मी जाणार."

तुम्ही सासूबाईंकडे वळलात. "ऐकलंसा? न्हाई म्हणत्यात." आणि काय अभिमान होता हो त्या आवाजात! मुलाला उत्तर तुम्हीच लिहिलंत. पुढं कितीतरी वर्षांनी ह्यांनी मला सांगितलं, त्यात एवढंच होतं की तुझी बायको ट्रेनिंगला जात आहे, तू येऊन थांब. आणि ते थांबले. मी मास्तरीण झाले, तीस वर्षं शाळा केली. वर्गातल्या प्रत्येक पोरीला तुमच्या घंटीची गोष्ट सांगितली.

एक मात्र कुणाला सांगितलं नाही. ट्रेनिंगच्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी तुमचं कार्ड आलं, अक्षर वाकडं झालेलं. 'छातीत दुखतं आहे. जमल्यास दोन दिवस येऊन जा. सक्ती नाही.' मी कळवलं, परीक्षा चालू आहे, संपताच येते. माझा शेवटचा पेपर व्हायच्या आत तुम्ही गेलात. सासूबाई म्हणाल्या, माझं उत्तर तुम्ही उशाशी ठेवलं होतं. "बरूबर हाय तिचं," तुम्ही म्हणाला होतात, "सेक्शनात गाडी असल्यावर कशी यील?" सगळ्यांनी तेच मानलं. मीही मानू दिलं.

मामंजी, दोन पेपरांच्या मधे चार दिवस मोकळे होते. ट्रेनिंगच्या मुख्य बाईंनी मला जायची परवानगीही दिली होती. गाठोडं बांधून मी दारापर्यंत आले होते. मग मनात आलं, तुम्ही अंथरुणावरून 'आता घरीच राहा' म्हणालात, तर तुम्हाला दुसऱ्यांदा 'नाही' म्हणणं मला जमायचं नाही. मी गाठोडं सोडलं आणि पुस्तक उघडून बसले.

मला येता आलं असतं.