वद्य पंचमीचं शेवाळ

कोल्हापूर,
३ ऑगस्ट २००३

चि. बाळासो यास,
अनेक आशीर्वाद. तुझी आणि सौ. वहिनींची खुशाली वरचेवर कळवत जावी.

तू रत्नागिरीहून पाठवलेले समुद्राच्या पाण्याचे कॅन काल एस.टी. स्टँडवरून मी जाऊन आणले. एकाचं झाकण सैल होतं. कंडक्टरनं मला चारचौघांत ऐकवलं, की पावणं मासळी ठेवून घेत्यात आणि बहिणीला नुसतं पाणी धाडत्यात. पुढच्या वेळी झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून घट्ट लाव.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि अनुजा दिवसभर तिथंच, माशांच्या टाकीसमोर, बसून असते. माझी सून जेवणाला हाक मारली की तेवढी उठते. तिच्यासमोर हे बोलायचं नाही.

विजयसिंहाच्या टाकीचं बरं चाललेलं नाही. फेब्रुवारीत कागलजवळ त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं, त्यानंतर निळे मासे एकेक करून गेले. आता फक्त केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा तो एक उरला आहे, ज्याला माझा मुलगा पैलवान म्हणायचा. त्याच्या कल्ल्यांवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले आहेत आणि तो दगडाला अंग घासतो. शिवाय टाकीत हिरवं शेवाळ माजलं आहे. दर रविवारी मी काच घासते, पाणी बदलते, पुन्हा तेच. माझं बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झालेलं आहे आणि एका शेवाळापुढं मी हात टेकले आहेत, याचं हसू येऊ दे तुला.

पण हा मासा मला जगवायचा आहे. माझ्या मुलाच्या मागं या घरात त्याच्या हातचं जिवंत असं तेवढंच राहिलं आहे. काय करायचं ते नीट लिही. मत्स्य खात्यात इतकी वर्षं काढलीस, त्याचा बहिणीला उपयोग होऊ दे.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
आक्का

◆

रत्नागिरी,
९ ऑगस्ट २००३

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि. इकडे सगळे ठीक. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, त्यामुळे समुद्राचं पाणी गढूळ आहे. निवळलं की कॅन भरतो, आणि झाकणाचं मी स्वतः बघतो.

पांढरे ठिपके म्हणजे अंगावर बसणारा परजीवी. तो ठिपक्यातून गळून वाळूत पडतो, तिथं वाढतो आणि परत माशावर येतो. म्हणून औषध टाकीत ओतून भागत नाही. मासा वेगळ्या बादलीत काढा, त्यात हवेची नळी सोडा. औषध तांब्याचं आहे, सोबत पाठवतो, थेंब मोजूनच घाला. मोठी टाकी मधले सहा आठवडे बिनमाशाची राहू द्या, म्हणजे वाळूतला परजीवी उपाशी मरेल.

शेवाळाचं कारण सोपं आहे. पाण्यात फॉस्फेट वाढलं की ते माजतं, आणि फॉस्फेट वाढतं ते जादा खाद्यानं. एका माशाला चिमूटभर पुरे. तुम्ही लाडानं जास्त घालत असाल, असं म्हणायची माझी छाती नाही, पण खाद्याचा डबा तुम्ही तुमच्या कपाटात ठेवा. सोबत फॉस्फेट बघायची छोटी पेटी पाठवतो. तिच्यातल्या नळीतलं पाणी जितकं निळं, तितकं फॉस्फेट जास्त.

चि. सौ. अनुजाला आशीर्वाद. ही म्हणते तिला चार दिवस इकडे पाठवा. आपली माया अशीच राहो.

तुमचा,
बाळासो

◆

कोल्हापूर,
२४ ऑगस्ट २००३

चि. बाळासो यास,
आशीर्वाद. तुझं पत्र आणि औषध मिळालं.

आधी एक सांगते. अनुजाच्या नावामागं यापुढं सौ. लिहू नकोस. सवयीनं लिहिलं असशील, पण पाकीट तिनंच उघडलं. पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं.

आता शेवाळाचं. खाद्याचा डबा माझ्या कपाटात आहे आणि किल्ली कमरेला. पाणी बदललं, टाकीवरचा दिवा कमी वेळ लावला, काच घासली. फॉस्फेट उतरलं, नळीतलं पाणी जवळजवळ पांढरं झालं. मी म्हटलं, सुटले. गेल्या आठवड्यात पुन्हा बघितलं तर गडद निळं, आणि दोन-तीन दिवसांत काच हिरवी. खाद्य मी घालते, पाणी मी घालते. मग हे येतं कुठून?

आणखी एक गोष्ट आहे. लिहू का नको असं चाललं होतं. त्या हिरव्या थरात, काचेच्या आतल्या बाजूनं, चार बोटं ओढल्यासारख्या रेघा होत्या. टाकीत गोगलगाय नाही, खेकडा नाही. मी बाहेरून त्या रेघांवर माझी बोटं ठेवून बघितली. नंतर जाऊन हात धुतले. बाहेरून काच कोरडी होती, मग हात कशासाठी धुतले ते मला सांगता येणार नाही.

चिमणाबाईनं ती खोली झाडायचं बंद केलं आहे. तिचं म्हणणं, मासा धन्याच्या खुर्चीकडं तोंड करून असतोय आणि ते हिरवं धन्याच्या तिथीला येतंय. मी तिला खडसावलं, की मासा खुर्चीकडं बघतो कारण खाद्य त्याच बाजूनं पडतं. पण ती घरी गेल्यावर भिंतीवरची दिनदर्शिका काढून बसले. विजयसिंह गेला तो दिवस वद्य पंचमीचा. मार्चपासून मी पाणी कधी बदललं, काच कधी हिरवी झाली, सगळं आठवून पाहिलं. बाळासो, बाई खोटं बोलत नाही. दर महिन्याला पंचमी उलटली की हिरवं येतं.

मी पस्तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं. मला यावर विश्वास ठेवायचा नाही. तू मला यातून सोडव.

मासा अजून टाकीतच आहे. त्याला बाहेर काढायला हात धजत नाही, पण उद्या काढते.

आक्का

◆

रत्नागिरी,
३१ ऑगस्ट २००३

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि. नावाच्या चुकीबद्दल माझं मलाच लागलं. अनुजाला तसं सांगा.

आक्का, शेवाळाला तिथी कळत नाही. माणसाला कळते. दर पंचमीला तुमच्या घरातलं कोणीतरी त्या पाण्यात काहीतरी घालतं आहे. पिठाच्या गोळ्या असतील, नैवेद्य असेल. माझा अंदाज चिमणाबाईवर आहे, भीतीपोटी उतारा टाकत असेल. पुढची पंचमी पितृपक्षात येते, त्या दिवशी घरात लक्ष ठेवा. मात्र कोणी सापडलं तर रागावू नका. तुमचा राग मला ठाऊक आहे, मी त्याखाली वाढलो.

मासा बादलीत नीट आहे ना? पाणी थंड पडू देऊ नका. पत्राची वाट पाहतो.

तुमचा,
बाळासो

◆

कोल्हापूर,
१८ सप्टेंबर २००३

चि. बाळासो यास,
आशीर्वाद.

चिमणाबाई नव्हे.

सोमवारी पंचमी होती. पेन्शनच्या कामाला बँकेत जाते असं सांगितलं, मागच्या दारानं परत आले आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. अनुजा न्हाऊन आली. कपाटातल्या साड्यांच्या घडीतून तिनं तिचा कुंकवाचा करंडा काढला. मला वाटलं पोरगी आता कुंकू लावून बघते आहे, आणि तोंड फिरवणार होते. तिनं करंड्यातून चिमूट घेतली ती राखेची. टाकीचं झाकण उचलून ती पाण्यावर सोडली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पाणी हलकेच ढवळलं. मग आतून काचेवर चार बोटं टेकवून ओढली, विजयसिंह काच पुसायला ओढायचा तशी. मासा आता तिथं नाही, तरीही ती कितीतरी वेळ तशीच उभी होती.

मी बाहेर आले. रागावले नाही, तुझं ऐकलं. एवढंच विचारलं, की हे कुणाचं आहे. विचारायची गरज नव्हती.

तुला माहीत आहे, रक्षा पंचगंगेत सोडायची नाही हा माझा निर्णय होता. नदी आधीच घाण झाली आहे, म्हणून पेठ वडगावच्या शेतात आंब्याची रोपं लावून त्यांच्या आळ्यांत घातली. भावकीनं नावाजलं. महिन्याचं मासिक श्राद्ध करायलाही मीच नकार दिला आणि भटजींना दारातून परत लावलं. तिसऱ्या दिवशी मडकं घरी आणून ठेवलं होतं, तेव्हा तिनं त्यातली मूठभर काढून घेतली. तेव्हापासून दर महिन्याला तिचं मासिक ती असं करत होती.

ती रडली नाही. आवाज मात्र चढला, आणि शाहूवाडीच्या तिच्या माहेरची बोली तोंडात आली. म्हणाली, "आत्याबाई, त्यांना कुठं ठिवायचं ते मला कुणी इचारलं का? शेतात त्यांचा जीव कधीच रमला न्हाई. हितं रमत हुता."

मी तिथंच त्याच्या खुर्चीत बसले.

हाडाच्या राखेत फॉस्फेट असतं. हे मी फळ्यावर लिहून शिकवलेलं आहे. तेव्हा हिशेब लागला, शंका उरली नाही, तुझी बहीण सुटली. पण बाळासो, मार्चपासून दर रविवारी ते हिरवं मी ब्लेडनं खरवडून मोरीत ओतलं आहे. ओतून वरून फिनेल टाकलं आहे.

पुढं लिहवत नाही.

आक्का

◆

रत्नागिरी,
२५ सप्टेंबर २००३

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. हिला वाचून दाखवलं नाही.

तुम्हीच मुलींना सांगत आलात, की फॉस्फरस मातीतून झाडात, झाडातून जनावरात, असा फिरत राहतो आणि तो कुणा एकाचा नसतो. आंब्याच्या रोपात गेला तो जसा विजयसिंह नव्हे, तसं ते शेवाळही विजयसिंह नव्हे. मोरीचं मनातून काढून टाका.

मासा पुरता बरा झाला की मी जीप घेऊन येतो. टाकी रिकामी करू, वाळू आणि पाणी इथं समुद्रात सोडू, काच धुऊन नवं पाणी भरू आणि मासा परत सोडू. अनुजाचंही समाधान होईल. तिला थोडे दिवस इकडे राहू द्या. शेजारच्या शाळेत बालवाडीला शिक्षिका हवी आहे.

प्रकृतीस जपा. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमचा,
बाळासो

◆

कोल्हापूर,
२ नोव्हेंबर २००३

चि. बाळासो यास,
अनेक आशीर्वाद. यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती, तरी वहिनींनी पाठवलेल्या चकल्या खाल्ल्या. मीठ जरा जास्त होतं.

पैलवान बरा झाला. अंगावर एकही ठिपका नाही, हात दाखवला की वर येतो. त्याला अनुजा घेऊन येते आहे, गुरुवारच्या गाडीनं, झाकणाच्या डब्यात. डबा मांडीवर ठेव असं तिला बजावलं आहे. शाळेचं तिनं मनावर घेतलं आहे. मला तिनं सगळं सांगून टाकल्यापासून ती पोटभर जेवते, झोपते. परवा चिमणाबाईशी कशावरून तरी हसली. हे व्हायला हवंच होतं, आणि मी त्याच्या आड येणार नाही. मासा तिच्याजवळ राहू दे. तो पुन्हा इकडे पाठवू नकोस.

तू जीप घेऊन येऊ नकोस. टाकी रिकामी करायची नाही.

तू लिहिलेलं सगळं बरोबर आहे. फॉस्फरस कुणाचा नसतो. कुणी मुलगी पेपरात तसं लिहिती तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण आश्विनातली पंचमी आली, तेव्हा अनुजा सकाळीच माहेरी गेली होती. पंचमी तिच्या लक्षातही नव्हती, संध्याकाळी परतल्यावर तिनं भाजीचं विचारलं. करंडा तिनं माझ्या टेबलावर ठेवून दिला होता. मी त्यातली चिमूट घेऊन टाकीचं झाकण उचललं. पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं, आणि काचेला बोटं टेकवली तेव्हा ती थंड नव्हती.

तेव्हापासून काच घासायचं बंद केलं आहे. पुढची बाजू पूर्ण हिरवी झाली, आतलं काही दिसत नाही. दिवा सकाळी मी लावते. चिमणाबाई काम सोडून गेली. दुसरी बघणार नाही, एकीपुरतं काम ते किती.

पाण्याचे कॅन मात्र पूर्वीसारखे पाठवत जा. मासा नाही, तरी पाणी लागणार आहे. झाकण घट्ट लाव.

अनुजाला जप. माझी काळजी करून पत्रं लिहू नकोस, इतर काही असेल तर जरूर लिही.

तुझी,
आक्का