ऑन थर्सडे, अ‍ॅट होम

१९ जानेवारी २००४, सोमवार

गाईड आपटलं आज! टेबलावरच आपटलं, पण आवाज असा झाला की शेजारच्या वर्गातून केरबा शिपाई डोकावून गेला.

'इन स्पाइट ऑफ हिज इलनेस, ही वेंट टू लंडन.' सगळ्या आठवी 'ब'नं एका सुरात म्हणून दाखवलं. अर्थ विचारला तर चिडीचूप. आजारी असूनही लंडनला गेला म्हणे! कशाला गेला मरायला? आणि आमच्या पोरांचं काय अडलंय त्याच्यावाचून?

गाईड बंद. फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे घरचं इंग्रजी — इन द मॉर्निंग, अ‍ॅट होम, बिहाइंड द डोअर. उजवीकडे कचेरीतलं — बाय ऑर्डर ऑफ, म्हणजे अमक्याच्या हुकमावरून. ऑन बिहाफ ऑफ, म्हणजे अमक्याच्या वतीनं. आणि ते इन स्पाइट ऑफ, म्हणजे अमुक असूनसुद्धा. पोरांना म्हटलं, यातला तुकडा उचला आणि वाक्य करा. अट एकच. खरं पाहिजे. चुकलं तर चालेल, खोटं चालणार नाही.

मोहित उठला — 'इन फ्रंट ऑफ तालीम, बफेलो गिव्हज मिल्क.' वर्ग फिदीफिदी हसला. हसता काय? म्हैस उभी असते ना रोज सकाळी तालमीपुढं? मग झालं तर!

२७ जानेवारी

शिवांजली बोलली!! जूनपासून शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेली पोर. नेसरीकडची माणसं, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. वडील महांतेश इथं पिठाची गिरण चालवतात. आज घाम पुसत उभी राहिली आणि म्हणाली, 'ऑन बिहाफ ऑफ माय फादर, आय सिट इन द गिरण.' गिरणीला शब्द सापडला नाही, म्हणून गिरणच म्हणाली. मला काय गोड वाटलं!

खाली बसली आणि लगेच पुन्हा हात वर. 'बाई, इन स्पाइट ऑफचं खरं वाक्य मला कायबी केल्या सापडंना.'

'सापडेल गं. रोज काही मनाविरुद्ध घडतंय होय? घडलं की येऊन सांग.'

घरी आल्यावर ह्यांना कौतुकानं सांगायला गेले. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, 'कायम होण्याचं काय झालं?' तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून राबतेय, जूनमध्ये मुदत संपते, हेडमास्तरांचा शेरा चांगला गेला तरच कायम — हे मला ठाऊक नाही का? रोज कशाला टोचायचं?

५ फेब्रुवारी

बाराला तपासणी. गुरुवारी शिक्षणखात्याचे साहेब येणार. शाळेला चुना लावणं सुरू आहे, सगळ्या अर्थांनी.

९ फेब्रुवारी, सोमवार

डोकं भणभणतंय.

हेडमास्तर गणपतरावांनी सगळ्यांना बोलावून कायदा सांगितला. साहेबांनी प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गानं हात वर करायचा. येतंय त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. बाईंनी उजवेच उठवायचे. 'साहेबाला नुसतं हातांचं रान दिसलं पायजे!' वर स्वतःच हसले. इतरही हसले. वर्षानुवर्षं असंच चालतं म्हणे.

मग मला थांबवून घेतलं. आठवी 'ब'मधल्या नऊ पोरांची नावं घेतली. 'ही गुरुवारी घरी. साहेब वह्या बघतो, ह्यांच्या वह्या दाखवायच्या लायकीच्या न्हाईत.' शेवटचं नाव शिवांजलीचं.

मी भांडले. 'सर, ती पोर आता बोलायला लागलीय!' म्हटलं. 'कच्ची पोरं लपवायची असतील तर शाळा कशाला काढली?' असंही म्हटलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, 'बाई, तत्त्वं घरात ठेवा की. जूनला कायम व्हायचं हाय न्हवं? आणि त्या पोरांना सांगायचं तुमीच. तुमचं ऐकतात.'

मेल्याला लाज नाही!

१० फेब्रुवारी

ह्यांचं मत — 'एका दिवसानं काय बिघडतंय त्यांचं? सुट्टीच मिळाली समज.' ताट सरकवून उठले. काही सुचत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं.

मधल्या सुट्टीत नऊ जणांना व्हरांड्यात घेतलं आणि सांगितलं. 'उद्या येऊ नका. घरी अभ्यास करा.' आठ पोरं उड्या मारत गेली. शिवांजली उभीच. 'का बाई?' मी म्हटलं, 'मी सांगतेय म्हणून!' केवढ्यांदा ओरडले तिच्यावर. तिचा काय दोष? हेडमास्तरांचा राग त्या पोरीवर काढला मी! आणि हेडमास्तरांचं नावही घेतलं नाही. 'सरांनी सांगितलंय' एवढं म्हणायची हिंमत झाली नाही, कारण ते त्यांच्या कानावर गेलं असतं.

स्वतःच्याच मुस्कटात मारून घ्यावीशी वाटतेय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अक्षर घाण येतंय. येऊ दे.

वर्गात शिरले तर शेवटच्या बाकावर शिवांजली! तेल लावून चापून घातलेल्या वेण्या, इस्त्रीचा ड्रेस. माझ्याकडे बघून हसतेय. तिला बाहेर काढणार तोच हेडमास्तर साहेबांना घेऊन आत आले.

साहेब तसे साधे वाटले. फळा बघितला, म्हणाले, 'छान, घ्या तास.' मी विचारलं, 'हू विल मेक अ सेंटेन्स?' हातांचं रान! मी उजवे शोधून उठवत गेले. मोहितची म्हैस झाली, आणखी दोघांचं झालं. शिवांजलीचा हातही वर होता. उजवा. कोपरापासून ताठ, बाकावरून निम्मी उठलेली. मी तिच्यावरून नजर फिरवली. एकदा नाही, दर वेळी. ती मात्र हात खाली घेईना.

साहेबांनीच बोट केलं. 'बाई, ती मुलगी मघापासून हात वर करतेय. तिला विचारा की.'

उभी राहिली. दोन्ही हात मागं बांधले आणि एका दमात म्हणाली, 'बाय ऑर्डर ऑफ माय टीचर, एट चिल्ड्रन आर अ‍ॅट होम.' श्वास घेतला. 'इन स्पाइट ऑफ ऑर्डर, आय अ‍ॅम इन द क्लास.'

आणि शाब्बासकीसाठी माझ्याकडे बघितलं!

मी फळ्याकडे वळले. साहेबांनी हजेरी मागवून घेतली. हेडमास्तर पाठीमागं उभे, कान लाल. शिवांजली अजून उभीच होती. तिला खाली बस म्हणायचंही मला सुचलं नाही.

१३ फेब्रुवारी

गणपतराव आज ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. साखर पेरून बोलले. साहेबांनी शाळेकडून लेखी खुलासा मागितलाय. 'तो तुमीच लिहायचा, बाई. आठ पोरं तापानं आजारी हुती. ती पोरगी घाबरून खोटं बरळली. दोन ओळींचं काम. सोमवारी द्या. तुमच्या शेऱ्याचा कागदबी तयारच हाय माझ्याकडं.'

म्हणजे मी त्या पोरीला खोटी म्हणायचं. 'खोटं चालणार नाही' म्हणणारी मी! वर त्या कागदावर नाव माझं. हुकूम हेडमास्तरांचा आणि तोंड काळं माझं! मला कळत नाही मी चिडलेय कुणावर. गणपतरावांवर? ह्यांच्यावर? त्या शिवांजलीवर? हो, तिच्यावरही! घरी बस म्हटलं तर बसायला काय झालं होतं तिला? सगळं निभावलं असतं.

लिहिलं आणि माझीच मला शिसारी आली. पण खोडणार नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळच्या शाळेला शिवांजलीच्या आईला बोलावून घेतलं होतं. रत्नव्वा. गिरणीतून तशीच आलेली, भुवयांवर पीठ. हेडमास्तर तिला सुनावत होते — 'पोरीनं शाळेची अब्रू घालवली, खोटं बोलली साहेबापुढं!' शिवांजली आईच्या पदराआड.

रत्नव्वा त्यांच्याशी बोललीच नाही. माझ्याकडे वळली. 'बाई, पोर खोटं बोलली आसंल तर हितंच थोबाड फोडते तिचं. पर तुमी सांगा. तुमी म्हणशीला ते खरं.'

गणपतराव माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, 'सोमवारी बोलू.' सोमवारी बोलू!! जीभ झडली कशी नाही माझी?

जिन्यापाशी रत्नव्वानं मला गाठलं. 'राग मानू नगासा, बाई. मी आडवलंती तिला. म्हटलं, बाईंनी नको म्हणलंय तर जाऊ नगो. तर म्हणती कशी — इन स्पाइटाचं खरं वाक्य घावलंय मला, बाईंना सांगायचं हाय. त्या दिवशी सकाळपासनं गिरणीत पीठ चाळत तेच बडबडत हुती.'

म्हणून आली ती. तक्रार करायला नाही, कुणाला तोंडघशी पाडायला नाही. मीच सांगितलं होतं ना, घडलं की येऊन सांग? घडवलं मीच. तिनं येऊन सांगितलं.

तिसऱ्या तासाला वर्गावर गेले. प्रश्न विचारला. शेवटच्या बाकावर मान पुन्हा खाली. हात नाही, उजवाही नाही, डावाही नाही.

१५ फेब्रुवारी

हे म्हणाले, 'दोन ओळी लिहून दे आणि मोकळी हो. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात घालतेस का त्या गिरणीवाल्याच्या पोरीसाठी?' मी म्हटलं, 'आणि मेहनत कसली केली मी? खोटं कसं लिहावं याची?' जोरात भांडलो. शेजारच्या बायडाबाई गॅलरीत आल्या. येऊ देत. तीन वर्षांत पहिल्यांदाच मनासारखं भांडले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

खुलासा दिला. दोनच ओळी. 'बाय माय ऑर्डर, एट चिल्ड्रन वेअर अ‍ॅट होम. इन स्पाइट ऑफ माय ऑर्डर, शिवांजली केम टू स्कूल अँड टोल्ड द ट्रुथ.' खाली मराठीत — हा हुकूम मला हेडमास्तरांनी दिला होता, आणि मी तो पाळला. सही.

गणपतरावांनी दोनदा वाचला. 'बाई, जून विसरा आता.'

पाचवा तास आठवी 'ब'चा. फळ्यावर त्याच दोन ओळी लिहिल्या. म्हटलं, आजचं खरं वाक्य माझं, आता तुमची सांगा. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग शेवटच्या बाकावर हात वर झाला, उजवा. मी तिला पहिली उठवली.